युगान्त कोणाचा?

(यवतमाळ इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पत्रिकेवर माझा विषय जरा लांबलचक छापलाय: ‘एक शीर्षक, अनेक कृती आणि त्यांचे कर्ते’. घाबरू नका. मी मुख्यतः दोनच पुस्तकांबद्दल बोलणार आहे. दोन्ही मराठी आणि दोन्हींचं नाव ‘युगान्त’. एक इरावती कर्वे यांचं, महाभारतावरच्या लेखांचं, १९६७ सालचं. दुसरं महेश एलकुंचवार यांचं नाटक, १९९४ साली रंगमंचावर आलेलं. पहिल्याला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दुसऱ्याला २००२ साली मिळाला. पुरस्कार तोच, भाषा तीच, पुस्तकाचं नावही तेच. मध्ये चौतीस वर्षं आणि कर्ता वेगळा.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो एका विद्यार्थ्यामुळे. परीक्षेच्या पेपरात त्यानं लिहिलं होतं, एलकुंचवारांनी महाभारतावर ‘युगान्त’ हा ग्रंथ लिहिला आणि त्याला अकादमी पुरस्कार मिळाला. मी त्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, “सर, आपल्या पारव्याचे एलकुंचवार हाय ना, त्यायचंच पुस्तक.” त्याच्या आवाजात अभिमान होता. आता पारवा आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, एलकुंचवारांचा जन्म १९३९ साली तिथला, त्यामुळे अभिमान बरोबरच आहे. पण त्या अभिमानात इरावतीबाई पुसल्या गेल्या. आणि गंमत अशी की एलकुंचवारही पुसले गेले, कारण त्यांनी जे लिहिलं ते या मुलाच्या हाती लागलंच नव्हतं. दोन पुस्तकांचं मिळून एक तिसरंच पुस्तक तयार झालं होतं, जे कुणीच लिहिलेलं नाही.

असं होतं, आणि फक्त विद्यार्थ्यांचंच होतं असं नाही. ‘मृत्युंजय’ घ्या. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ला ज्ञानपीठ मिळालं, असं सांगणारी किती माणसं तुम्हाला भेटली असतील! ज्ञानपीठ मिळालेले लेखक म्हणजे असमिया कादंबरीकार वीरेंद्रकुमार भट्टाचार्य. १९७९ चा तो पुरस्कार, आणि त्यांच्या ‘मृत्युंजय’चा विषय कर्ण नसून बेचाळीसचं आंदोलन आहे. सावंतांना मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला, तो वेगळा. घोटाळ्याचं एक कारण साधं आहे: सावंतांच्या कादंबरीचा हिंदी अनुवाद ‘भारतीय ज्ञानपीठ’ या प्रकाशन संस्थेनं काढला, त्यामुळे पुस्तकावर ‘ज्ञानपीठ’ हा शब्द दिसतोच. वाचणारा तिथे थांबतो. खांडेकरांच्या ‘ययाति’चंही तसंच. १९५९ ची ही मराठी कादंबरी आणि गिरीश कर्नाडांचं त्यानंतर लगेच आलेलं त्याच नावाचं कन्नड नाटक, दोन्ही एकाच आख्यानावर. तिथे निदान कथा समान आहे, म्हणून गल्लत समजण्यासारखी. ‘युगान्त’मध्ये कथाही समान नाही.

कायद्याचं म्हणाल तर भानगडच नाही. ‘देसी बॉईज’ या चित्रपटाच्या नावावरून एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१५ साली न्यायालयानं सांगितलं की नुसतं शीर्षक म्हणजे पूर्ण कृती नव्हे, म्हणून त्यावर कॉपीराइट नाही. नाव घेतलं म्हणजे चोरी झाली असं होत नाही. त्यामुळे ‘एलकुंचवारांनी कर्व्यांचं नाव घेतलं’ या वाक्याला कायद्यात अर्थ नाही, आणि साहित्यातही फारसा नाही. हा शब्द कुणा एकाचा नव्हताच. पुराणात आहे, कीर्तनात आहे, आपल्या आज्या पाऊस लांबला की सहज म्हणायच्या तो आहे.

मग प्रश्न कुठे आहे? माझं म्हणणं असं की मालकीचा प्रश्न सोडला की खरा प्रश्न सुरू होतो. एकच शब्द दोघांनी दारावर लावला, तर आत कोण बोलतंय आणि कुठे उभं राहून बोलतंय?

आधी इरावतीबाई. जन्म १९०५, ब्रह्मदेशातल्या म्यिंजानचा. तिथल्या इरावती नदीवरून नाव ठेवलं. बर्लिनला डॉक्टरेट केली, पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र आणि समाजशास्त्र. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘युगान्त’ हे भाविकाचं पुस्तक नाही आणि कादंबरीही नाही. कवट्या मोजलेल्या, नातेसंबंधांचे तक्ते मांडलेल्या बाईनं महाभारत वाचलंय. गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण, कृष्ण, एकेकावर लेख. विदुर हाच धर्मराजाचा बाप असावा, अशी शंका त्या पुराव्यानिशी मांडतात आणि पुन्हा हा तर्कच आहे हेही सांगतात. कर्णाच्या बाबतीत तर त्या चांगल्याच कडक आहेत. लक्षात घ्या, त्याच १९६७ साली सावंतांचा ‘मृत्युंजय’ आला. एकाच वर्षी मराठीनं एक कर्ण डोक्यावर घेतला, आणि एका कर्णाला मांडीवरून खाली उतरवून जमिनीवर उभं केलं. वाचक कुणाकडे जास्त गेले ते तुम्हाला माहीतच आहे.

त्या पुस्तकातला शेवटचा लेख म्हणजे ‘युगान्त’. पुस्तकाचं नाव तिथून आलंय, म्हणजे ते आधी लावलेलं नाही, अखेरीस हाती आलेलं आहे. महाभारतातली माणसं आपल्या कर्माची फळं कुणाच्या आश्रयाला न जाता भोगत होती, पुढे भक्ती आली, दिलासा आला, आणि जगाकडे तसं कोरडेपणानं बघणं मागे पडलं, असा साधारण रोख आहे. इथे बाई कुठे उभ्या आहेत बघा. त्या युगाच्या अलीकडे, हजारो वर्षं अलीकडे. जे संपलं त्याच्याकडे मागे वळून बघतायत. त्यांच्या ‘युगान्त’मध्ये अंत झालेला आहे, आणि लिहिणारी शाबूत आहे.

आता पारव्याकडे येऊ.

एलकुंचवारांचं ‘युगान्त’ एकटं नाही. ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ अशी ती त्रिनाट्यधारा. ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली विजया मेहतांनी केलं. पुढे चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही नाटकं सलग उभी केली, सात-आठ तासांचा तो प्रयोग ज्यांनी पाहिला ते अजून त्याबद्दल बोलतात. गाव धारणगाव. नकाशात शोधू नका. पण वऱ्हाडात ज्यांची उन्हाळी सुट्टी एखाद्या पडक्या माडीवर गेली आहे त्यांना ते लगेच सापडतं. तात्याजी देशपांडे गेलेत. मुंबईचा मुलगा सुधीर बायको अंजलीला घेऊन आलाय. थोरला भास्कर, त्याची बायको वहिनी, धाकटा चंदू, लग्न न झालेली प्रभा, आई, आणि आपला मुलगा गेला हे ठाऊक नसलेली, किती वाजले विचारत राहणारी दादी. दारात ट्रॅक्टर गंजत पडलाय. तेराव्याला गावजेवण घालायचं की नाही, घातलं तर पैसा कुठून आणायचा, यावर सगळं नाटक तोललेलं आहे. आणि ती वहिनीची रात्र! घराण्याचे दागिने अंगावर घालून बसते ती. पुढे तेच दागिने घेऊन तिची मुलगी रंजू पळून जाते.

आणि ‘युगान्त’? तिथे धारणगावात वर्षानुवर्षं पाऊस नाही, वाळवंट पुढे सरकत चाललंय. माणसं गाव सोडून गेलीत. भास्करचा मुलगा पराग आणि सुधीरचा मुलगा अभय, दोन चुलतभाऊ, बोलत बसलेत. माझं प्रामाणिक मत सांगतो, काहींना आवडणार नाही. रंगमंचावर ‘युगान्त’ ‘वाडा चिरेबंदी’च्या तोडीचं नाही. ‘वाडा’त कल्पना नाहीत, वस्तू आहेत: ट्रॅक्टर, दागिने, कंदील, चहाचे कप. ‘युगान्त’मध्ये वस्तू संपल्या, कारण वाडाच संपला, आणि पात्रांना विचार बोलून दाखवावे लागतात. ते विचार चांगले आहेत, पण कधी कधी पराग-अभय ऐवजी लेखकच बोलतोय असं वाटतं. तरी नाव? नाव मला पूर्ण पटतं, आणि ते पटतं आधीच्या दोन नाटकांमुळे. ज्यानं तो गंजणारा ट्रॅक्टर बघितलाय त्याला ‘युगान्त’ हा शब्द मोठा वाटत नाही. ज्यानं फक्त तिसरं नाटक वाचलंय त्याला तो घोषणेसारखा वाटण्याची शक्यता आहे.

आता दोघांची उभं राहण्याची जागा पुन्हा बघा. पराग आणि अभय अंताच्या आत आहेत. पलीकडे काय आहे हे त्यांना माहीत नाही, नाटककारही सांगत नाही. इंग्रजीत गेल्यावर हा फरक उघडाच पडतो. इरावतीबाईंनी स्वतःच पुस्तक इंग्रजीत नेलं तेव्हा ‘युगान्त’ हे नाव ठेवून खाली जोड दिली, ‘द एंड ऑफ अ‍ॅन इपॉक’, म्हणजे एका कालखंडाची अखेर. एलकुंचवारांच्या नाटकाला इंग्रजीत ‘अपोकॅलिप्स’ म्हटलं गेलं, म्हणजे सरळ प्रलय. मराठीत एकच असलेला शब्द तिकडे दोन झाला. पहिल्यात इतिहासकार आहे, दुसऱ्यात आगीत सापडलेला माणूस.

इथपर्यंत मी फक्त वेगळेपण सांगितलं. एवढंच असतं तर ग्रंथपालानं दोन कपाटांत दोन पुस्तकं ठेवावीत, महाभारताच्या कपाटात एक, नाटकांच्या कपाटात एक, आणि विषय संपला. पण ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की एक गोष्ट होते, आणि मला आज खरं तर तेवढीच सांगायची आहे.

इरावतीबाईंच्या पुस्तकात ‘मयसभा’ नावाचा लेख आहे. खांडववनाचं दहन आपल्याला लहानपणापासून पराक्रम म्हणून सांगितलंय. कृष्ण-अर्जुनानं अग्नीला वन खाऊ घातलं, इंद्राचा पाऊस बाणांनी अडवला वगैरे. बाई विचारतात, ते वन कुणाचं होतं? तिथे राहणाऱ्यांना बाहेर पडू दिलं नाही, पळणाऱ्यांना परत आगीत लोटलं. कशासाठी? जमिनीसाठी. आणि त्यातून जिवंत सोडलेल्या मयानं जी सभा बांधून दिली, ती बघून दुर्योधन जळला, तिथून द्यूत, तिथून युद्ध. म्हणजे ज्या वैभवाचा अंत पुढे रडून सांगितला जातो, त्याच्या पायात राख आहे. मराठीत हा प्रश्न इतक्या थंडपणे फार थोड्यांनी विचारला असेल.

आता हाच प्रश्न घेऊन धारणगावच्या वाड्यात जा. नाव एकच आहे, त्यामुळे जाता येतं. वाडा पडला, देशपांडे संपले, युग संपलं, ठीक आहे. पण कुणाचं युग? वाडा चिरेबंदी आहे तो कुणाच्या जमिनीवर, कुणाच्या श्रमावर? वाड्याबाहेरच्या धारणगावाला वाडा पडल्याचं दुःख झालं का? आज या सभागृहात वाड्यातून आलेली माणसं असतील, पण वाड्याच्या ओसरीवर ज्यांना बसता येत नव्हतं त्यांची नातवंडं त्याहून जास्त आहेत. आपल्या जिल्ह्यात कोलाम आहेत. त्यांचं जंगल गेलं तेव्हा ‘युगान्त’ हा शब्द कुणी वापरला नाही. कागदोपत्री त्याला वेगळे शब्द होते.

मी एलकुंचवारांवर अन्याय करत नाही. नाटककारानं सगळं लिहावं असा माझा आग्रह नाही. त्यांनी जे पाहिलं ते आतून पाहिलं, आणि आतलं खांडववन त्यांनी सोडलेलं नाही, हेही कबूल करायला हवं. प्रभेचं शिक्षण बापानं थांबवलं. चंदू घरातला मुलगा असून गड्यासारखा राबतो. वहिनीचं सगळं आयुष्य त्या स्वयंपाकघरात गेलं. वाडा आपल्याच माणसांना खाऊन उभा होता, हे ‘वाडा चिरेबंदी’ इतकं स्पष्ट सांगतं की वाडा पडताना हायसं वाटावं. तरी प्रेक्षक रडतो. मीही रडलोय. त्या रडण्यात थोडा घोटाळा आहे, आणि तो घोटाळा मला कळला तो इरावतीबाईंमुळे. एलकुंचवारांना त्यांचं पुस्तक मनात होतं की नव्हतं, त्यानं फरक पडत नाही. वाचकाच्या टेबलावर दोन्ही आहेत.

उलटाही प्रश्न विचारता येतो. एलकुंचवारांच्या नाटकातून इरावतीबाईंकडे परत जा. युग संपलं, असं म्हणायला तुम्ही पलीकडे उभ्या आहात, पण आत असलेल्याला ते कसं कळतं? मौसलपर्वात यादव आपसात मारून संपतात, अर्जुन उरलेल्या बायकामुलांना घेऊन निघतो, वाटेत आभीर लुटतात आणि गांडीव असून हात चालत नाही. त्या अर्जुनाला युग संपल्याचं कळलं होतं का? की त्याला फक्त हात चालत नाही एवढंच कळलं? धारणगाव बघितल्यावर मला वाटतं, एवढंच कळलं असेल.

एक गोष्ट टाळून चालणार नाही, तुमच्यापैकी काहींच्या मनात ती आलीच असेल. ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ चं. १९ मार्च १९८६ ला आपल्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबानं आयुष्य संपवलं. राज्यातली नोंदली गेलेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून तिची आठवण ठेवली जाते, त्या दिवशी अन्नत्याग केला जातो. त्यानंतर यवतमाळचं नाव देशभर कशासाठी घेतलं जाऊ लागलं ते मी सांगायला नको. त्यामुळे १९९४ चं ते पावसाविना कोरडं पडलेलं धारणगाव आता भविष्यवाणीसारखं वाचलं जातं. ‘एलकुंचवारांनी आधीच सांगितलं होतं,’ असं म्हणतात. मला हे मान्य नाही. असं म्हटलं की नाटकाचा कर्ता बदलतो, ते लेखकाकडून काढून आपण बातमीच्या हवाली करतो. आणि ज्यांनी खरोखर जीव दिला त्यांची गोष्ट देशपांड्यांच्या वाड्यात नेऊन ठेवतो. ती वेगळी गोष्ट आहे. कर्जाचं गणित वेगळं, घराची उंची वेगळी. तिचं नाटक वेगळं व्हायला हवं, आणि त्यालाही कुणी ‘युगान्त’ म्हटलं तर माझी हरकत नाही.

तिसऱ्या ‘युगान्त’चा उल्लेख करतो. १९९५ साली अपर्णा सेन यांचा याच नावाचा बंगाली चित्रपट आला. एक जोडपं, तुटत आलेलं, लग्नानंतर जिथे गेलं होतं त्या समुद्रकाठच्या मच्छीमार वस्तीत पुन्हा येतं, आणि समुद्र पूर्वीचा राहिलेला नाही. आपल्या नाटकानंतर एका वर्षानं. एकानं दुसऱ्याचं घेतलं असं समजायला काही आधार नाही. पुढे याच अपर्णा सेन यांनी २०१७ साली एलकुंचवारांच्या ‘सोनाटा’ या नाटकावर चित्रपट केला, तेव्हा दोन ‘युगान्त’कार शेवटी एका पडद्यावर आले, वेगळ्याच नावाखाली! मला मात्र त्यात पाण्याची गंमत वाटते. महाभारतात द्वारका समुद्रात बुडते. बंगाली चित्रपटात समुद्रच नासतो. वऱ्हाडच्या नाटककाराला समुद्र कुठून मिळणार? त्याच्याकडे तळं आहे, मधल्या नाटकाच्या नावातच आहे, आणि मग तेही उरत नाही. शब्द तिघांचा एक, पण ज्याच्या गावात जे पाणी, त्यातून त्याचा अंत आला.

इथे मगाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: “दुसऱ्या लेखकानं नाव बदलायला नको होतं का? मुलांचा गोंधळ होतो.” ताई, गोंधळ होतो हे खरं. पण त्याला उपाय सोपा आहे, नावाबरोबर कर्ता आणि साल सांगायचं. कर्व्यांचं, सदुसष्टचं. एलकुंचवारांचं, चौऱ्याण्णवचं. आमच्या त्या विद्यार्थ्याला मी दोन्ही पुस्तकं दिली होती, आधी नाटक, मग ‘मयसभा’. पंधरा दिवसांनी तो परत आला आणि त्यानं विचारलं, “सर, त्या वनात कोण राहात होते, त्यायचं नाव का बरं कोणी लिहून ठेवलं नाही?” नागांची नावं आहेत, तक्षक आहे, त्याचा मुलगा अश्वसेन आहे, चार शार्ङ्गक पक्षी वाचले त्यांची गोष्टही आहे, एवढं मी त्याला सांगितलं. “माणसांची?” म्हणाला. ते मला सांगता आलं नाही.

वेळ संपत आली आहे. बाकीच्या चिठ्ठ्या घेऊ.